भर उन्हात पान गार कसं राहतं?

मे महिन्यात महाराष्ट्रावरून एक दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जातो. कोल्हापुरात तो सहा-सात तारखेला असतो, पुण्यात तेरा-चौदाला, मुंबईत पंधरा-सोळाला आणि नागपुरात सव्वीसच्या आसपास. त्या दिवशी भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी गडप होते. खगोलप्रेमी मंडळी गच्चीवर नळ्या आणि काठ्या उभ्या करून हा शून्य सावलीचा क्षण मुलांना दाखवतात. खरं तर हा दिवस घरी चार कुंड्या ठेवणाऱ्या प्रत्येकाने कॅलेंडरवर खूण करून ठेवावा असा आहे, कारण त्यानंतर बाल्कनीच्या दिशांचा सगळा हिशेबच उलटतो.

डिसेंबरात पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतल्या फरशीपर्यंत पोहोचतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य माथ्यावर येतो, वरच्या मजल्याचा स्लॅब छत्री धरतो आणि दक्षिणेची बाल्कनी सावलीत जाते. पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. एरवी ‘इथे ऊनच येत नाही’ म्हणून ज्या उत्तरेच्या बाल्कनीत फक्त मनीप्लांट आणि फर्न ठेवलेले असतात, तिथे आता सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं आणि वर्षभर सावलीत वाढलेली ती नाजूक पानं दोन दिवसांत करपतात. झाडाला रोग लागला म्हणून औषध शोधण्याआधी सूर्य कुठे आहे ते बघावं. उत्तरेची फर्नं दक्षिणेला न्यावीत, दक्षिणेचा मोगरा उत्तरेला. यात पैसाही लागत नाही आणि पाणीही. पश्चिमेच्या बाल्कनीचं काय, असं कोणी विचारेलच. तिथे दुपारी तीन ते पाचचं तापलेलं ऊन थेट अंगावर येतं. तिथे जुनं पांढरं सुती धोतर किंवा साडी दोरीवर आडवी टांगणं हा माझ्या मते अजूनही सर्वांत चांगला उपाय आहे.

पण ज्या झाडांना हलवता येत नाही त्यांनी काय करायचं? गच्चीवरच्या जास्वंदीने, अंगणातल्या लिंबाने? ती ऊन कशी सोसतात?

एक साधी गोष्ट करून पाहा. दुपारी एक वाजता उन्हात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या शोभेच्या झाडाचं पान बोटांत धरा. चटका बसेल. मग शेजारच्या जास्वंदीचं पान तसंच धरा. त्याच उन्हात, तेवढाच वेळ उभं असलेलं ते पान बोटांना कोमट, कधी गारसुद्धा लागतं. झाडाला नीट पाणी मिळत असेल तर पान भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड राहू शकतं. विजेची तार नाही, पंखा नाही, आणि तरीही तो हिरवा पापुद्रा स्वतःला गार ठेवतो.

हे कसं जमतं, ते स्वयंपाकघरातल्या माठाला विचारावं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पान म्हणजे असाच पाझरणारा माठ आहे, फरक एवढाच की पानाची छिद्रं उघडता आणि मिटता येतात. ही छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, बहुतेक झाडांत पानाच्या खालच्या अंगाला असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण शंभर ते तीनशे. प्रत्येक छिद्राला ओठांसारख्या दोन पेशी असतात. त्यांत पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून बाकदार होतात आणि मध्ये फट उघडते. पोटॅशियम बाहेर पडलं की त्या लुळ्या पडतात आणि फट बंद. इतक्या लहान जागी इतकी नेमकी झडप दुसऱ्या कोणत्या यंत्रात असेल असं मला वाटत नाही.

आता आकडा ऐका. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून अधिक पाणी झाड असंच हवेत सोडून देतं. वाढीसाठी, फुलासाठी, फळासाठी त्याच्याकडे राहतं ते उरलेलं दोन-तीन टक्के. पहिल्यांदा वाचताना ही निव्वळ उधळपट्टी वाटते. पण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते ती जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेएवढी भरते. म्हणजे गच्चीवरच्या वेलीने दिवसभरात तीन लिटर पाणी उडवलं तर तिने दोन युनिटांएवढी उष्णता त्या जागेतून उचलून नेली. वेलीखाली बसल्यावर जो गारवा लागतो तो निव्वळ सावलीचा नसतो.

आणि हे पाणी वर चढतं कसं? झाडात पंप नाही, हृदय नाही. १८९४ साली आयर्लंडमध्ये डिक्सन आणि जोली या दोघांनी मांडलेलं उत्तर आजही मान्य आहे: पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं. पानातून एक रेणू उडाला की त्याला चिकटलेला मागचा रेणू पुढे सरकतो, त्याच्यामागचा त्याच्यामागे, आणि ही अखंड साखळी थेट मुळाच्या टोकापर्यंत पोहोचलेली असते. भर दुपारी या साखळीवर वातावरणाच्या दाबाच्या दहा-वीस पट ताण येतो. माती कोरडी पडली तर ताण इतका वाढतो की खोडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे तयार होतात आणि साखळी तुटते. २०२३ साली तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ संवेदनशील मायक्रोफोन ठेवले, तेव्हा तहानलेली रोपं तासाला तीस-पन्नास वेळा टिकटिक असा आवाज करत असल्याचं आढळलं. पाणी मिळालेली रोपं जवळजवळ गप्प होती. हा आवाज माणसाच्या कानाच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तो बहुधा या बुडबुड्यांचाच असावा असं संशोधक मानतात. तुमच्या खिडकीतला टोमॅटो मे महिन्यात गप्प नसतो, हे कळल्यावर मला पाण्याचा झारा हातात घेताना वेगळंच वाटू लागलं.

तरीही दुपारी माना टाकलेलं झाड दिसलं की लगेच पाणी ओतू नये. भोपळा, दुधी, वांगी यांची मोठी पानं दोनच्या उन्हात लुळी पडतात तेव्हा माती बरेचदा ओलीच असते. पानातून जेवढं उडतंय तेवढं मुळांना त्या क्षणी पुरवता येत नाही, एवढंच झालेलं असतं. संध्याकाळी तीच पानं ताठ होतात. ओल्या मातीत दुपारी पुन्हा पाणी ओतलं तर मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, सडतात आणि मग झाड खरोखरच माना टाकतं. त्यावरही पुन्हा पाणी! उन्हाळ्यात तहानेने जेवढी कुंडीतली झाडं जातात तेवढीच या प्रेमाने जातात. बोटाचं दीड-दोन पेर मातीत खुपसावं. आत ओल लागली तर झारा खाली ठेवावा. सकाळी उठून लिंबू, मोगरा, गुलाब ताजेतवाने दिसत नसतील तरच काळजीचं कारण. पाणी द्यायची वेळही सकाळचीच, ऊन चढायच्या आत, आणि द्यायचं ते कुंडीच्या तळापर्यंत पोहोचेल एवढं. रोज वरवर शिंपडत गेलं तर मुळं ओलीच्या मागे वर येतात आणि तापलेल्या थरात भाजतात.

इथे एक जुना समजही दूर करू. पानावर पडलेले थेंब भिंगासारखं काम करतात आणि पान जाळतात, असं घरोघरी सांगितलं जातं. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली हे तपासलं. गुळगुळीत पानावरचे थेंब पान जाळत नाहीत, कारण थेंब पानाला चिकटून पसरतो आणि प्रकाश एकवटतो तो पानाच्या पार खाली. लव असलेल्या पानांवर मात्र थेंब लवेच्या टोकांवर तरंगत राहतो, तिथे जळण्याची शक्यता उरते. तेव्हा दुपारी पानांवर पाणी न मारण्याचं खरं कारण जळणं नाही. त्या वेळी मारलेलं निम्मं पाणी मातीपर्यंत पोहोचतच नाही, हे आहे.

सगळीच झाडं माठासारखी पाझरत बसत नाहीत. कण्हेरीने आपली रंध्रं पानाच्या खालच्या अंगाला खोल खळग्यांत लपवली आहेत आणि खळग्यांच्या तोंडाशी केसांची जाळी उभी केली आहे, म्हणजे कोरडा वारा थेट आत शिरत नाही. म्हणून तर महामार्गाच्या दुभाजकावर, डांबराच्या धगीत, ती गुलाबी फुलं घेऊन उभी असते. आणि पानफुटीने तर दिवस-रात्रच बदलून टाकली आहे.

पानफुटीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याच भूमीवर पहिल्यांदा टिपली गेली. बेंजामिन हाइन नावाचे निसर्ग-अभ्यासक मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी बागेतल्या पानफुटीचं पान सकाळी चाखून पाहिलं, ते चुक्यासारखं आंबट लागलं. दुपारी चाखलं, काही चवच नव्हती. संध्याकाळी चाखलं तर किंचित कडू. त्यांनी हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. जिभेशिवाय दुसरं उपकरण नसलेल्या माणसाने वनस्पतींच्या आयुष्यातलं एक मोठं गुपित पकडलं होतं. (हा प्रयोग आपण मात्र करू नये. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत.)

झालं होतं ते असं. झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो घ्यायचा तर रंध्रं उघडावी लागतात. उघडली की पाणी निसटतं. वाळवंटी झाडांनी यावर तोड काढली: रंध्रं रात्रीच्या गारव्यात उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा दारं घट्ट लावून, आतल्या आत ते आम्ल फोडून, उन्हाच्या मदतीने साखर करायची. सकाळी पान आंबट का, ते आता कळलं असेल. साधं झाड एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेताना चार-पाचशे ग्रॅम पाणी घालवतं, तर या रात्रपाळीच्या झाडांचं काम पन्नास ते शंभर ग्रॅममध्ये भागतं. कोरफड, अननस, ड्रॅगनफ्रूट, निवडुंग ही सगळी त्याच कुळाचारातली. आपल्याकडे ज्याला हौसेने ब्रह्मकमळ म्हणतात तोही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेला निवडुंगच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. तेव्हा या मंडळींना उन्हाळ्यात रोज पाणी पाजणं म्हणजे त्यांच्या साऱ्या हुशारीवर पाणी ओतणं आहे. नर्सरीत हल्ली यांतल्या काही झाडांवर ‘रात्री ऑक्सिजन देणारे’ अशी चिठ्ठी लावलेली असते. रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण दोन कुंड्यांनी खोलीच्या हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. ती घ्यायची तर त्यांच्या या बुद्धीसाठी घ्यावीत.

सगळ्यात थक्क करणारं झाड मात्र नर्सरीत विकत मिळतच नाही. ते कुंडीच्या कडेला, फरशीच्या फटीत आपोआप उगवतं आणि आपण उपटून टाकतो. घोळ. लालसर मांसल देठ, चमच्याएवढी जाड पानं, जिची आंबटसर भाजी करतात ती. पाणी भरपूर असेल तर घोळ ऊस आणि मक्यासारखी, म्हणजे भर उन्हात झपाट्याने साखर बनवणारी यंत्रणा वापरते. पाणी तुटलं की तिच्याच जोडीला पानफुटीची रात्रपाळी सुरू करते, आणि दोन्ही कारखाने एकाच पानात, एकाच पेशीसमूहात चालतात, असं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. जगभरचे शास्त्रज्ञ दुष्काळात टिकणारी पिकं घडवायला ज्या झाडाचा अभ्यास करताहेत, ते आपण तण म्हणून कचऱ्यात टाकतो. यंदा एक कुंडी घोळीला द्याच. शेजारच्या कुंडीत पालेभाजीतला माठ पेरा, तोही उसाच्याच जातकुळीतली यंत्रणा वापरतो आणि महिन्याभरात भाजीला येतो. मे महिन्यात पालक आणि कोथिंबिरीच्या मागे लागून रोज दोनदा पाणी घालण्यापेक्षा, ज्यांना हे ऊन मानवतं त्यांना बोलवावं.

आता मातीकडे येऊ, कारण पाणी खरं वाया जातं ते तिथे. झाड जे पाणी उडवतं त्याच्या मोबदल्यात गारवा, पान, फूल देतं. उघडी माती उडवते त्याच्या मोबदल्यात झाडाला काहीच मिळत नाही. शिवाय काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उन्हात असेल तर तिच्या कडेची माती पन्नास अंशांच्या घरात जाऊ शकते, आणि बहुतेक झाडांच्या मुळांना चाळीसच्या पुढे सोसत नाही. जंगलात माती अशी उघडी कधीच नसते. पानगळ होते ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पुढचे तीन महिने ती पानं जमिनीवर गोधडी होऊन पडून राहतात. आपण शहरात मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच पानं झाडून, ढीग करून, कोपऱ्यात पेटवून देतो. धूर सगळ्या गल्लीने खायचा आणि मग खत विकत आणायला जायचं! पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाच्या गटाने २०१६ पासून एक सोपं काम चालवलं आहे. ज्यांच्या अंगणात वाळकी पानं नकोशी झाली आहेत आणि ज्यांना ती बागेसाठी हवी आहेत, त्यांची गाठ घालून द्यायची. असं काम कोणत्याही सोसायटीत, नोटीस बोर्डावरच्या एका चिठ्ठीने सुरू होऊ शकतं.

कुंडीत मातीवर चार बोटं जाडीचा थर द्यावा. वाळकी पानं, उसाच्या रसवंतीबाहेर पडलेली चिपाडं, नारळाच्या शेंड्या, काहीही चालतं. खोडाला तेवढं चिकटू देऊ नये. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी वर्षानुवर्षं चिपाडांवरच गच्चीत भाज्या आणि फळं पिकवून दाखवली, मातीचा वापर अगदी नावापुरता. उन्हाळ्यात गल्लोगल्ली रसवंत्या असतात आणि चिपाडं फुकट मिळतात. मुंग्या लागू नयेत म्हणून ती दोन-तीन दिवस उन्हात वाळवून घ्यावीत.

आच्छादनानंतर दुसरी युक्ती मडक्याची, आणि ती माझी सर्वांत लाडकी. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी फान शंगची यांनी लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात तिचं वर्णन आहे. खड्ड्याच्या मधोमध मातीचं मडकं काठापर्यंत पुरायचं, त्यात पाणी भरायचं, झाकण ठेवायचं आणि भोवती वेलाच्या बिया लावायच्या. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं, पण किती झिरपायचं हे माती ठरवते. ती कोरडी असेल तर पाणी ओढून घेते, ओली असेल तर ओढ कमी होते. माणूस गावाला गेला तरी हे चालू राहतं. काही आठवड्यांनी हलकेच उकरून पाहिलं तर मुळांनी मडक्याला जाळीसारखा वेढा घातलेला दिसतो.

बाल्कनीच्या कुंडीत मडकं कुठे मावणार? सुगड मावतं. संक्रांतीला वाण दिल्या-घेतल्याची सुगडं बहुतेक घरांत माळ्यावर पडून असतात. ती भाजलेल्या, चकाकी न दिलेल्या मातीची असतात, म्हणजे नेमकी हवी तशी. रंगवलेलं मात्र घेऊ नये, रंगाने छिद्रं बुजतात. आधी पाणी भरून तासभर ठेवावं, बाहेरून ओलसर झालं की समजावं चालेल. बारा इंची कुंडीत एक सुगड गळ्यापर्यंत पुरावं, तोंडावर पणती उपडी घालावी, नाहीतर डास अंडी घालतात. रोज सकाळी ते भरायचं. मोठ्या ड्रमसाठी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाजारात येणारी लहान घागर घ्यावी. ज्या दिवशी पाण्याने भरलेला कुंभ दान करायची आपल्याकडे रीत आहे, त्याच दिवसांत एक कुंभ मातीलाही द्यावा. आणि महादेवाच्या पिंडीवर धरतात तशी गळती, म्हणजे तळाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घातलेलं मडकं, तिपाईवर ठेवून तुळशीच्या मुळाशी सोडली तर आठवडाभराच्या गावी जाण्याची चिंता मिटते.

पाणी कोणतं घालावं, हेही बघायला हवं. तांदूळ-डाळीचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी, एसीतून ठिबकणारं पाणी सगळं चालतं. एसीचं तर हवेतल्या वाफेचंच झालेलं, जवळजवळ क्षार नसलेलं पाणी. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी मात्र रोज घालू नये. पिण्याच्या पाण्यातले सगळे क्षार त्यात उतरलेले असतात आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की ते मातीत साचतात. कुंडीच्या काठाला पांढरी किनार दिसू लागली तर तेच समजावं. ते पाणी फरशी पुसायला ठेवावं.

या दिवसांत बाल्कनीत मधमाश्या पाण्याला येतात. घाबरून हाकलू नका. मधमाश्यांना पिल्लांच्या पेशींभोवतीचं तापमान ३४-३५ अंशांवर ठेवावं लागतं, बाहेर बेचाळीस असलं तरी. कामकरी माश्या पाणी आणतात, पोळ्यात पातळ थराने पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते उडवतात. माठाची, पानाची आणि पोळ्याची युक्ती एकच. उथळ ताटलीत खडे ठेवून पाणी द्यावं म्हणजे त्या बुडत नाहीत, आणि पाणी रोज बदलावं. गुलाबाच्या पानाच्या कडेला कोणी कंपासने आखून कापावं तसे अर्धगोल कापलेले दिसले, तर तीही एक एकटी राहणारी मधमाशीच आहे. ती ते तुकडे नेऊन पिल्लांसाठी खोल्या बांधते. झाडाचं त्यात काही बिघडत नाही. बिघडवतो तो पिठ्या ढेकूण. कोरड्या उष्ण हवेत तो जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा चिकटतो आणि मुंग्या त्याचा गोड पाझर मिळावा म्हणून चक्क त्याची राखण करतात. पाण्याचा जोरदार फवारा, मग सौम्य साबणाचं पाणी, मग संध्याकाळी निंबोळी तेल, या क्रमाने जावं आणि मुंग्यांची वाट तोडावी. विषारी फवारणी केली की त्याला खाणारे ढालकिडेही मरतात आणि ढेकूण आधी परत येतो.

मे महिन्याचा कचरा म्हणजे आंबा. साली, कोयी, शिवाय फणसाची चारखंडं. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली अशाच रोजच्या ओल्या कचऱ्यातून बाग सुरू केली आणि तिथे फळझाडं आणि भाज्या उभ्या राहिल्या. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची शिकवण होती. दाभोलकर मूळचे गणिताचे. प्रत्येक पान सूर्यप्रकाश साठवण्याचं साधन आहे आणि घरातला हिरवा-वाळका कचरा म्हणजे साठवलेलं ऊनच, असा त्यांचा हिशेब. घरच्या डब्यात नियम एकच लक्षात ठेवला तरी पुरे: आंब्याच्या सालींचा एक थर आला की वर त्याच्या दुप्पट वाळक्या पानांचा थर. चिलटं येत नाहीत, वास येत नाही. उन्हाळ्यात खताचा डबाही कोरडा पडतो, तेव्हा अधूनमधून पाणी शिंपडावं. मुठीत दाबल्यावर ओल लागावी पण थेंब पडू नये, एवढंच.

रोहिणी नक्षत्र लागतं मेच्या पंचविशीत, मृग जूनच्या सात-आठला. या मधल्या दोन आठवड्यांत आळी तयार करावीत आणि दोडका, घोसाळं, दुधी, वाल यांच्या बिया गोळा कराव्यात. शक्यतो गावरान. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून बँक उभी केली, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. अशा बियांचा मोठा गुण म्हणजे यंदाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी पेरता येतं. सोसायटीत एका रविवारी संध्याकाळी सतरंजी टाकून प्रत्येकाने घरातलं बी आणावं आणि दुसऱ्याचं न्यावं. ठेवलेल्या बियांवर वाण आणि वर्ष लिहिलेलं असावं.

पहिली सर येण्याआधी तीन कामं उरकावीत. कुंड्यांखालच्या थाळ्या काढून घ्याव्यात, कारण उन्हाळ्यात झाडाला तारणारं ते साचलेलं पाणी पावसाळ्यात डेंगीच्या डासांचं घर होतं. तळाची भोकं काडीने मोकळी करावीत, म्हणजे पावसाचं क्षारहीन पाणी तीन महिन्यांचे साठलेले क्षार धुऊन नेईल. आणि उरलेली वाळकी पानं पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवावीत. पावसाळ्यात ओला कचरा भरपूर असतो आणि त्यावर घालायला मूठभर कोरडं पानही मिळत नाही.